तपासनीसांची तक्रार मंजूर होते

वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने फोटोंच्या साइटवर खातं उघडू नये, असा काही नियम नाही. असता तर तपासनीसांनी तो पाळला असता, कारण नियम पाळण्याइतकं दुसरं काही त्यांना आयुष्यात धड जमलं नव्हतं. पण नियम नव्हता, कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने खातं फुकट उघडून दिलं, आणि फुकटचं ते पौष्टिक अशा समजुतीने तपासनीस त्यात शिरले.

खरं कारण वेगळं होतं. त्यांची मुलगी ठकी लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहायची. लोकांची घरं आतून सजवून देण्याचा तिचा व्यवसाय होता. केलेल्या कामाचे फोटो ती त्या साइटवर टाकायची, ते बघून लोक तिला कामं द्यायचे, आणि त्यावर तिचं बरं चाललं होतं. अलीकडे फोनवर मात्र ती दोन वाक्यांच्या पुढे जात नसे. तब्येत बरी आहे ना, मी कामात आहे, ठेवते. तपासनीसांना लेकीची आठवण यायची. पण तसं म्हणायला त्यांची जीभ उचलत नसे, म्हणून ते ‘तिकडची परिस्थिती काय आहे ते समजायला हवं’ असं म्हणायचे. मोबाइलवाला म्हणाला, काका, सगळी परिस्थिती साइटवर असते.

आता ही साइट म्हणजे एकच दुकान, पण त्यात प्रत्येक जण वेगळाच माल घ्यायला आलेला. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई रोज सकाळी गॅलरीतल्या कुंडीतलं एक फूल टाकायच्या आणि खाली एक सुविचार. मग दिवसभर त्याला कोणाकोणाचे बदाम, म्हणजे पसंतीच्या लाल खुणा, आले ते बघत बसायच्या. ती त्यांची हजेरी होती. सलग गैरहजर राहिलेल्या माणसाला त्या जिन्यात गाठून प्रकृतीची चौकशी करायच्या, आणि त्या चौकशीचा रोख ज्याला कळायचा त्याला कळायचा. मोबाइलवाला दिसेल त्या फोटोला बदाम देत सुटायचा, कारण बदामाबरोबर दुकानाचं नाव फुकट झळकतं. तपासनीसांच्या पत्नीचंही खातं होतं म्हणे. त्यात त्यांनी स्वतःचा एकही फोटो टाकलेला नव्हता. दुपारी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्या मोबाइलमध्ये डोकं खुपसायच्या, आणि क्रोशाचे नमुने बघत असतील असं समजून तपासनीस तिकडे फिरकत नसत.

स्वतः तपासनीसांच्या मते फोटो म्हणजे पुरावा. साऱ्या नोकरीत त्यांनी घरोघर जाऊन मीटर, वायरिंग, स्विचबोर्ड तपासले आणि प्रत्येक ठिकाणी खाली शेरा लिहिला. तेव्हा साइटवर त्यांनी टाकलेला पहिला फोटो कलत्या विजेच्या खांबाचा होता, दुसरा उघड्या वायरींच्या पेटीचा, तिसराही पेटीचाच, दुसऱ्या बाजूने. खाली ठिकाण, तारीख आणि ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’. संबंधितांपैकी कोणी साइटवर असावं असं दिसलं नाही. मोबाइलवाल्याचा बदाम तेवढा न चुकता यायचा.

पण संध्याकाळचा चहा घेऊन ते ठकीचे फोटो बघायला बसले की जागचे हलत नसत. पडदे, दिवे, रंग यांतलं त्यांना काही कळत नव्हतं. एखाद्या आरशाच्या कडेला ठकीचा हात दिसायचा, एखाद्या खिडकीच्या काचेत तिची सावली. ते फोटो मोठा करून त्या हाताकडे बघत बसायचे. चहा गार व्हायचा, आणि गार चहाबद्दल ते बायकोला बोल लावायचे.

इथवर सगळं ठीक होतं. मग ठकीने एका गिऱ्हाइकाच्या घरातल्या मुलांच्या खोलीचा फोटो टाकला. फिकट हिरवी भिंत, बुटका पलंग, उशाशी दिवा. खाली लोक वा वा म्हणत होते. तपासनीसांना राहवेना. लेकीच्या कामाचं आपणही काही कौतुक करावं, आणि आपल्याला जी भाषा येते त्या भाषेत करावं, म्हणून त्यांनी दुपारभर खपून लिहिलं: ‘एक, दिव्याची वायर गादीखालून नेली आहे, हे धोक्याचे आहे. दोन, प्लगची जागा लहान मुलाच्या हाताशी येते. तीन, रंग चांगला आहे.’ यातला तिसरा मुद्दा लिहायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला होता. पण तो कोणी वाचला नाही. पहिले दोन सगळ्यांनी वाचले, खोलीच्या मालकिणीनेही वाचले, आणि तिने ठकीला फोन करून भिंत उकरून दाखवायला सांगितलं.

ठकीने शेरा पुसला. तपासनीसांना वाटलं, यंत्राने गिळला. सरकारी टपालात असं होतंच. त्यांनी तोच मजकूर पुन्हा लिहून वर ‘स्मरणपत्र’ असं घातलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी ‘स्मरणपत्र दोन, तातडीचे’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसले, तर ठकीचं खातंच नाही. नाव टाकलं तरी नाही. शुद्धलेखन बदलून बघितलं तरी नाही.

त्यांनी तिला फोन लावला. तुझं खातं दिसत नाही म्हणाले. असेल काहीतरी बाबा, मी कामात आहे, ती म्हणाली आणि ठेवला. बायकोला विचारलं, तर तिने गॅसवरच्या पातेल्याकडे बघत, आजकाल ही यंत्रं अशीच असतात, असं सांगितलं. पातेल्यात नुसतं पाणी होतं.

मग ते मोबाइलवाल्याकडे गेले. त्याच्या मोबाइलवर ठकीचं खातं व्यवस्थित दिसत होतं, आदल्या दिवशीच्या नव्या फोटोसकट. काय घडलंय ते मोबाइलवाल्याला तिथल्या तिथे कळलं. पण काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला, तुमच्या मुलीने तुम्हाला दाराबाहेर काढलंय, असं कसं म्हणायचं? तो मनाचा मऊ होता. म्हणून तो म्हणाला, काका, हे बनावट खातं दिसतंय. बनावटवाले आधी खऱ्या नातेवाइकांना बाहेर काढतात, म्हणजे ओळखणारं कोणी उरत नाही. एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माणसं चांगुलपणापायी जी थाप मारतात तिला पुढे पाय किती फुटतील, याचा हिशेब कोणी करत नाही.

तपासनीसांच्या अंगात मात्र वीज संचारली. लेकीच्या नावाने कोणीतरी बनावट दुकान चालवतंय. ते तडक मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. बाईंकडे मोठ्या पडद्याचा टॅब होता. त्यावर दोघांनी ठकीच्या खात्याची रीतसर तपासणी सुरू केली.

ठकी नवे रंग, नवे दिवे आधी स्वतःच्या घरात लावून बघायची, त्यामुळे तिच्या घराचे फोटो त्यात पुष्कळ होते. ते घर तपासनीसांना तोंडपाठ होतं. ठकीने ते नवीन घेतलं तेव्हा ते तिथे राहायला गेले होते, आणि पाहुणा म्हणून जे काय करतात ते न करता त्यांनी सगळं वायरिंग तपासून दिलं होतं. आता त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक विसंगती काढायला सुरुवात केली. दारावरच्या पाटीवर पूर्वी दोन नावं होती, इथे एकच आहे. दाराशी चपलांच्या फळीवर बाईचे जोड आहेत, लहान मुलीचे आहेत, पुरुषाचा एकही नाही. आता जावयाला बुटांचा केवढा नाद. बैठकीच्या भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसतो, म्हणजे तिथे काहीतरी टांगलेलं होतं ते काढलंय. जावयाच्या टेबलासाठी तपासनीसांनी स्वतः सांगून एक प्लग बसवून घेतला होता. प्लग आहे, टेबल नाही.

“आणि हे बघा,” ते म्हणाले, “ही मुलगी पाठमोरी दाखवली आहे. आमच्या नातीचे केस कमरेपर्यंत आहेत. हिचे मानेपर्यंत कापलेले. ठकी जीव गेला तरी तिचे केस कापायची नाही.”

बाईंनी मान डोलावली आणि चोर कितीही हुशार असला तरी कुठेतरी चुकतोच, हा सुविचार सांगितला. दुसऱ्या दिवशी तो फुलाखाली आला.

बायकोला यातलं काही सांगायचं नाही, असं तपासनीसांनी ठरवलं. ती घाबरली असती. शिवाय लेकीवरचं संकट परस्पर टाळून मग सांगण्यात जी शान आहे ती आधी सांगण्यात नाही. ठकी फोनवर म्हणेल, बाबा, तुमच्यामुळे वाचले. एवढं ऐकायला मिळालं की झालं, मग गार चहाही चालला असता.

तक्रार करणं सोपं नव्हतं. त्यांच्या मोबाइलवर ते खातं दिसतच नव्हतं, म्हणून त्याचा पत्ता बाईंच्या टॅबवरून उतरवून घ्यावा लागला. साइटवर तक्रारीची कारणं आधीच छापलेली होती, आणि त्यांतलंच एक निवडायचं होतं. ‘मला हे आवडत नाही’ हे पहिलं कारण. तपासनीसांना हसू आलं. आवडत नाही या कारणावर तक्रार घेतली असती तर त्यांचं वीज खातं एका दिवसात बुडालं असतं. शेवटी ‘दुसऱ्याचे सोंग घेतले आहे’ हे सापडलं. पण खुलाशाला जागा म्हणाल तर दीड ओळ. सोबत पुरावे जोडायची सोय नाही, पोच नाही, जावक क्रमांक नाही. चपलांची फळी, उजळ चौकोन, प्लग आणि नातीचे केस हे सगळं त्यांनी दीड ओळीत कोंबलं, आणि ते वाचून यंत्राने लगेच उत्तर दिलं की आम्हाला यात काही गैर आढळलं नाही.

या उत्तराने त्यांना अन्न गोड लागेना. आयुष्यभर इतरांच्या घरांत गैर शोधलेल्या माणसाला कोणी म्हणावं की तुम्हाला दिसलं ते गैर नाही? बाई म्हणाल्या, एकट्याचं कोण ऐकतो, पटसंख्या वाढवा. त्यांनी सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना बाकाभोवती जमवलं आणि प्रत्येकाकडून तक्रार भरून घेतली. मंडळींना बऱ्याच दिवसांत एवढं महत्त्वाचं काम मिळालं नव्हतं. एकाने चुकून स्वतःच्या मेहुण्याच्या खात्याची तक्रार केली. निवृत्त रोखपालांनी ठकीच्या खात्याबरोबर बाईंच्या फुलांचीही केली, आणि तीही चुकून झाली असं नंतर सांगितलं. बाकीच्यांच्या मात्र अचूक लागल्या. मंडळींनी घरच्यांनाही कामाला लावलं.

आणि एके सकाळी मोबाइल किणकिणला. ‘तुमच्या तक्रारीची दखल घेऊन हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. आपली साइट सुरक्षित ठेवण्यास मदत केल्याबद्दल आभार.’

तपासनीसांनी ते उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. उभ्या हयातीत त्यांनी वरिष्ठांकडे, पालिकेकडे, वर्तमानपत्रांकडे केलेल्या तक्रारींची एकदाही दखल घेतली गेली नव्हती, आभार तर दूरच. ते स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला खणखणीत आवाजात सगळं वाचून दाखवलं. मग पहिल्यापासून सविस्तर हकिगत सांगितली.

बायको स्टुलावर बसली. तिने आपला मोबाइल उघडला, बोटाने दोनदा खालीवर केलं, आणि पडदा पदराला पुसून पुन्हा बघितलं.

“अहो,” ती म्हणाली, “काय करून बसलात हे?”

तपासनीसांना वाटलं, हिला मुद्दा कळला नाही. त्यांनी पाटीचं सांगितलं.

“पाटी तिने बदलली,” बायको म्हणाली.

त्यांनी चपलांचं सांगितलं.

“त्याचे बूट तो घेऊन गेला. टेबलही. भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. तो तिने उतरवला.”

तपासनीसांकडे अजून एक मुद्दा होता, आणि तो त्यांनी अगदी हळू आवाजात मांडला. केसांचं काय, म्हणाले.

“सकाळी तिला एकटीला स्वयंपाक, डबा, शाळा, कामाची घाई. वेणी घालायला सवड होत नाही. म्हणून कापले. त्या दिवशी दोघी रडल्या,” बायको म्हणाली. “उन्हाळ्यातच घर सोडून गेला तो. ठकीने आपल्या चार माणसांसाठी दुसरं एक लहान खातं ठेवलंय, त्यात ती खरं काय ते टाकते. मी बघते रोज.”

म्हणजे दुपारी क्रोशाचे नमुने नव्हते. तपासनीसांनी विचारलं, मला का नाही सांगितलं? बायको म्हणाली, तिने शपथ घातली होती. बाबांना कळलं की ते आधी चूक कोणाची ते ठरवतील, मला आत्ता ते ऐकवणार नाही, असं म्हणाली होती. एरवी तपासनीसांनी यावर उत्तर दिलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण पहिला जो विचार त्यांच्या मनात आला होता तो खरोखरच, चूक कोणाची, हाच होता. त्यांनी तोंड मिटलं.

“आणि जे बंद केलंत ना,” बायको म्हणाली, “त्यावर तिचं पोट होतं. आता तर दोघींचं.”

पुढचे काही दिवस तपासनीसांनी जे केलं ते बघून कोणालाही हसू आलं असतं, पण कोणी हसलं नाही. त्यांनी तक्रार मागे घ्यायचा प्रयत्न केला. तक्रार करायला साइटने दीड ओळ दिली होती, मागे घ्यायला अर्धीही नव्हती. बागेतल्या मंडळींना त्यांनी पुन्हा जमवलं आणि आपली चूक झाली असं सांगितलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून मंडळी प्रथमच ऐकत होती, त्यामुळे आधी कोणाचा विश्वास बसेना. मग सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले आणि मागे घेण्याची खूण शोधू लागले. एकालाही सापडली नाही. बाईंनी त्या दिवशी फूल टाकलं नाही. मोबाइलवाल्याने खाली मान घालून कबूल केलं की मला खरं कारण पहिल्या दिवशीच माहीत होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तपासनीसांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागवायला त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं. ठकीनेही आपल्याकडून अर्ज केला, ओळखीचे कागद दिले, स्वतःचा चेहरा डावीउजवीकडे वळवून यंत्राला दाखवला. यंत्राने बघितलं आणि निर्णय अंतिम असल्याचं कळवलं. तिच्या सगळ्या कामाचे फोटो गेले. रंगवलेल्या भिंती लोकांच्या घरांत होत्या, पण त्या ठकीने रंगवल्या हे दाखवायला काही राहिलं नाही.

तपासनीसांनी फोन लावला तेव्हा ती उचलणार नाही असं त्यांना वाटत होतं. तिने उचलला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

“बाबा, आई म्हणाली, तुम्हाला सगळं दिसलं होतं. पाटी, चपला, सगळं.”

“हो.”

“भिंतीवरचा डाग पण?”

“चौकोन,” तपासनीस म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, “हो. डाग पण.”

“एवढं सगळं दिसलं, तर मला विचारावंसं नाही वाटलं?”

ते हॉलमध्ये उभे होते. त्यांना काहीतरी चांगलं, समजूतदार असं बोलायचं होतं. पण जे खरं होतं तेच तोंडातून गेलं.

“मला वाटलं, हे तुझं घर नसेलच.”

पलीकडे लांबून नातीचा आवाज येत होता, तिला कसली तरी वही सापडत नव्हती.

“मलाही रोज उठल्यावर तेच वाटतं, बाबा,” ठकी म्हणाली.

तपासनीसांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आयुष्यात ते हजारो घरांत शिरले होते, आणि दारात उभं राहून एकदाही कोणाची परवानगी मागितली नव्हती. आता त्यांनी मागितली.

“ठके, मी येऊ का?”

“आत्ता नको,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “सांगेन मी. आईला द्या फोन.”

त्यांनी फोन आत नेऊन दिला. दार उघडंच होतं. ते बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिले, आणि बोलणं संपल्यावर काय म्हणाली असं त्यांनी विचारलं नाही.

ठकीने नवं खातं उघडलंय, असं मुख्याध्यापिका बाई सांगत होत्या. तपासनीस ते बघत नाहीत. त्यांच्या खात्यावर तो कलता खांब अजून आहे, ती पेटी आहे, त्यापुढे काही नाही. त्यांनी बॅग मात्र भरून ठेवली आहे. ती हॉलमध्ये दाराशी असते. तिच्यात दोन सदरे आहेत, टॉवेल आहे, नातीसाठी घेतलेल्या केसांच्या पिना आहेत, आखूड केसांना लागतात तशा, लहान. कुठे निघालात, असं जाणाऱ्या येणाऱ्याने विचारलं, तर ते म्हणतात, कळवणार आहेत. रक्तदाबाच्या गोळ्याही बॅगेतच असतात. रोज सकाळी ते बॅग उघडतात, गोळी काढून घेतात आणि पाकीट परत जागच्या जागी ठेवून देतात.